उमेदवाराचा बायकांच्या प्रश्नांवरचा रेकॉर्ड कसा काढायचा? पहिल्यांदाच मत देणाऱ्यांसाठी

निवडणूक लागली की सगळेच उमेदवार माता-भगिनींपासून सुरुवात करतात, हळदीकुंकू ठेवतात, पैठणीचे खेळ होतात, साड्या वाटल्या जातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं सगळे एकाच माळेचे मणी. तसं नसतं. भाषणं बाजूला ठेवून कागद बघायला लागलं की दोन उमेदवारांतला फरक बऱ्यापैकी दिसतो, आणि हे कागद काढायला वकील लागत नाही, मोबाईल, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प आणि जरा चिकटपणा पुरतो. मी इथं महाराष्ट्र विधानसभा धरून लिहितेय, पण खासदारकी, झेडपी, नगरपालिका, ग्रामपंचायत यांना काय वेगळं लागतं तेही जाता जाता सांगते.

सुरू करण्याआधी: "मत कुणाच्या बाजूने दिलं" यावर फार विसंबू नका

नेटवर शोधायला गेलात तर बाहेरच्या देशातले लेख सापडतात, त्यात सांगतात की उमेदवाराने सभागृहात महिलांच्या विधेयकावर हो म्हटलं का नाही ते बघा. आपल्याकडं ते फारसं चालत नाही. विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, कोण काय बोललं याची नावानिशी नोंद राहत नाही, आणि नोंद झाली तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळं व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की आमदाराला पक्षाच्या ओळीतच मत द्यावं लागतं. म्हणजे मत पक्षाचं, माणसाचं नाही.

दोन उदाहरणं घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं पास झालं, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. विरोधातली दोन मतं एमआयएमची होती, असदुद्दीन ओवैसी आणि आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील, आणि त्यांचं म्हणणं होतं की ओबीसी आणि मुस्लिम बायकांना आतमध्ये वेगळा कोटा नाही. आता ते पटो न पटो, पण उरलेल्या ४५४ जणांत कोण मनापासून आणि कोण व्हिप म्हणून, हे त्या आकड्यावरून कसं कळणार? तिथं बघायचं ते हे, की जनगणना आणि मतदारसंघ फेररचना झाल्यावर आरक्षण लागू करायचं ही अट कायद्यात घातली तेव्हा तुमचा खासदार त्यावर काही बोलला का.

दुसरं उदाहरण आपल्याच विधिमंडळाचं. शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत एकमताने पास झालं, बलात्काराच्या गंभीर केसमध्ये फाशीची तरतूद, तपासाला कमी मुदत वगैरे. सगळ्या पक्षांनी पाठ थोपटून घेतली. पण तेव्हा कित्येक महिला संघटनांनीच त्याला विरोध केला होता, कारण फाशीच्या भीतीने घरातल्या माणसाविरुद्ध तक्रार करायला बाई आणखी कचरेल, आणि खोट्या तक्रारीसाठी शिक्षेचं कलम घातलं की पोलिस स्टेशनची पायरी चढायलाच घाबरेल, असं त्यांचं म्हणणं. पुढं त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही आणि कायदा लागू झालाच नाही. आता "मी शक्तीच्या बाजूने होतो" हे रेकॉर्ड म्हणून धरायचं का? माझ्या मते नाही. समितीत किंवा चर्चेत कुणी या आक्षेपांवर बोललं असेल तर ते धरायचं.

पायरी १: उमेदवाराचं नाव विसरा, आधी प्रश्न ठरवा

हे उलटं केलं की फसगत होते, आवडत्या माणसाला जे जमलंय तेच आपण महत्त्वाचं ठरवतो. म्हणून उमेदवारांनी अर्ज भरायच्या आधीच कागदावर चार-पाच प्रश्न लिहून टाका, आणि ते आपल्या भागातले असू द्या. "महिला सबलीकरण" असला मोठा शब्द लिहिलात तर सगळेच पास होतील.

बीड, परभणी, जालना असा ऊसतोडीचा भाग असेल तर गर्भपिशवीचा प्रश्न लिहा. २०१९ मध्ये ते प्रकरण बाहेर आलं, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या सर्व्हेत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत सुट्टी पडली की मुकादम खाडा धरून पैसे कापणार, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली पाहिजे, फडात ना पाणी ना संडास, त्यात डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार, ही सगळी साखळी आहे. तेव्हा तुमच्या उमेदवाराला विचारायचं ते "तुम्हाला वाईट वाटलं का" हे नाही, तर त्याने फडावर फिरता दवाखाना मागितला का, खासगी हॉस्पिटलच्या परवानगीबद्दल सभागृहात विचारलं का, ऊसतोड कामगार महामंडळाच्या निधीचं काय झालं हे विचारलं का. आणि तो स्वतः कारखान्याचा चेअरमन असेल (असतोच) तर त्याच्या कारखान्याच्या टोळ्यांना काय सोयी आहेत.

चंद्रपूर-गडचिरोलीकडं दारूचा प्रश्न येईल. चंद्रपूरची दारूबंदी १ एप्रिल २०१५ ला लागू झाली, २०२१ मध्ये उठवली, त्या दोन्ही वेळा कोण काय बोललं ते बातम्यांत आहे. बाकी महाराष्ट्रात "उभी बाटली, आडवी बाटली" मतदानाची सोय आहे, गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात आणि निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली केली तर दुकान बंद. अशा मतदानात तुमच्या गावात कोण बायकांसोबत उभं होतं आणि कुणाचे कार्यकर्ते दुकानदाराच्या ओट्यावर बसले होते, हे गावाला पाठ असतं. ते लिहून ठेवा.

शहरात असाल तर सार्वजनिक मुताऱ्या, रात्रीच्या बस, वर्किंग वुमन हॉस्टेल. कुठंही असाल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी पुरेसे आहेत का, सखी सेंटरला (हिंसा झालेल्या बायकांना मदत करणारं सरकारी केंद्र) फोन उचलतात का, अंगणवाडी सेविका आणि आशांचं मानधन. शेवटच्यावर तर चांगली परीक्षा होऊन गेलीय, डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला तो पन्नासहून जास्त दिवस चालला, तेवढ्यात आमदारांना मंडपात यायला भरपूर वेळ होता.

पायरी २: आरटीआय आत्ताच टाका, नंतर उपयोग नाही

ही पायरी लोक शेवटी ठेवतात आणि इथंच गाडी चुकते. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस असतात, आणि माघारीपासून मतदानापर्यंत जेमतेम दोन आठवडे मिळतात. २०२४ ला माघारीची तारीख ४ नोव्हेंबर होती आणि मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे नावं फायनल झाल्यावर अर्ज टाकलात तर उत्तर निकालानंतर येणार. सध्याचा आमदार कोण ते तर माहितीच असतं, त्याच्याबद्दलचा आरटीआय अर्ज निवडणुकीच्या चार-सहा महिने आधी टाकायचा.

अर्ज जिल्हा नियोजन कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला. मजकूर एवढाच पुरे: "अमुक मतदारसंघाच्या विधानसभा सदस्यांनी आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातून १ एप्रिल अमुक सालापासून आजपर्यंत सुचवलेल्या कामांची यादी, कामाचे नाव, गाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च व सद्यस्थितीसह मिळावी." महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून त्यातच जिल्हा परिषद, अंगणवाडी, पोलिस असं सगळं कोंबू नका, अर्ज परत येतो. राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइनही जातो.

उत्तर आलं की काय बघायचं? सभामंडप किती, स्वागत कमानी किती, ओपन जिम किती, आणि महिलांचं स्वच्छतागृह, अंगणवाडीची खोली, बचतगटाची इमारत किती. पण यात आडमुठेपणा करू नका. रस्त्यावरचा दिवा हे "महिलांचं काम" म्हणून यादीत येत नाही, पण संध्याकाळी क्लासवरून येणाऱ्या मुलीला विचारा. यादीतली दोन-तीन कामं निवडून प्रत्यक्ष बघून या. कागदावर "महिला स्वच्छतागृह, काम पूर्ण" आणि जागेवर कुलूप, हे मी पाहिलंय, आणि त्या कुलपाची चावी कुणाकडं आहे हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं.

झेडपी-पंचायत समितीच्या उमेदवारासाठी वेगळा प्रश्न: स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, ती झाली का आणि कशावर झाली. ग्रामपंचायतीलाही असाच १० टक्क्यांचा नियम आहे. शिवाय ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तिचं इतिवृत्त मागा. सह्या एकाच हाताच्या दिसल्या तर समजून जा.

पायरी ३: प्रतिज्ञापत्र नीट वाचा, ओळ न् ओळ

उमेदवार अर्जासोबत फॉर्म २६ मध्ये शपथपत्र देतो. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळं हे सक्तीचं झालं, रकाने रिकामे सोडता येत नाहीत, आणि खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. मिळतं कुठं? निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या वेबसाइटवर आणि "नो युवर कँडिडेट" ॲपवर. एडीआर या उमेदवारांची शपथपत्रं तपासणाऱ्या संस्थेची "मायनेता" नावाची साइट आहे, तिथं जुन्या निवडणुकांची पण सापडतात, त्यामुळं पाच वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं शेजारी ठेवून वाचता येतं. झेडपी, महापालिका, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांची शपथपत्रं त्यांच्या साइटवर शोधायची.

आता वाचायचं कसं. बहुतेक जण थेट संपत्तीवर जातात, कुणाकडं किती तोळे सोनं, ते मजेशीर असतं पण आपलं काम गुन्ह्यांच्या तक्त्यात आहे. त्यात एफआयआर नंबर आणि पोलिस स्टेशन, केस नंबर आणि कोर्ट, कलमं आणि थोडक्यात वर्णन, आरोप निश्चित झालेत का आणि कधी, एवढं असतं. कलमं ओळखायला शिका. जुन्या आयपीसीत ३५४ म्हणजे विनयभंग, ३५४ अ लैंगिक छळ, ३५४ ड पाठलाग, ३७६ बलात्कार, ४९८ अ सासरचा छळ, ३०४ ब हुंडाबळी, ५०९ म्हणजे शब्दाने किंवा हावभावाने अपमान. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथं विनयभंग ७४, लैंगिक छळ ७५, पाठलाग ७८, शब्द-हावभाव ७९, हुंडाबळी ८०, सासरचा छळ ८५, बलात्काराची शिक्षा ६४. जुन्या घटनेला जुनंच कलम राहतं म्हणून अजून बरीच वर्षं दोन्ही आकडे दिसणार, ही यादी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि हे लक्षात घ्या की ३५३ आणि ३५४ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. ३५३ म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात बळाचा वापर, आंदोलनं करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यावर ते लागलेलं असतं, सोबत १४३, १८८, ३४१ असला गोतावळा. व्हॉट्सॲपवर मात्र "अमुक उमेदवारावर बायकांचे गुन्हे" म्हणून ३५३ फिरतो. अंगणवाडीच्या बायकांसाठी रस्ता अडवला म्हणून झालेली केस कुणी त्याच्याच विरोधात वापरत असेल तर तो तुमच्या हिशेबात प्लस आहे, मायनस नाही.

केस आहे म्हणजे माणूस दोषी असंही नाही. आरोप निश्चित झालेत का ते बघा, कारण तोवर कोर्टाने कागद तपासलेले असतात. केस नंबर घेऊन ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका, पुढची तारीख, किती वर्षं पडून आहे, सगळं दिसतं. एक मर्यादा पाळायचीच: लैंगिक गुन्ह्यातल्या पीडित बाईची ओळख शोधायची नाही, सापडली तरी कुठं लिहायची नाही, तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ते करायचं नाही.

दोषी ठरलेला असेल तर नियम वेगळा. साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की अपात्र, पण ३७६ आणि ४९८ अ सारख्या काही कलमांत नुसता दंड झाला तरी सहा वर्षं अपात्रता आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ मध्ये ती यादी आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

आता "असे उमेदवार असतात तरी किती" म्हणाल, तर एडीआरने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं होतं की तेव्हाच्या देशभरातल्या १५१ आमदार-खासदारांनी स्वतःच्या शपथपत्रात महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या केसेस लिहून दिल्यात, १६ खासदार आणि १३५ आमदार. स्वतः लिहून दिलेल्या! म्हणजे हे शोधायला गुप्तहेर लागत नाही.

याच्याच जोडीला पक्षाला पकडायची एक जागा आहे जी कुणी वापरत नाही. सुप्रीम कोर्टाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार केस असलेल्या माणसाला तिकीट दिलं तर पक्षाने ४८ तासांत कारण जाहीर करायचं, वेबसाइटवर, सोशल मीडियावर आणि पेपरात, आणि "निवडून येण्याची क्षमता" एवढंच कारण चालत नाही. याला फॉर्म सी-७ म्हणतात. वाचून बघा, तोचतोचपणाचा नमुना असतो, "समाजकार्यात अग्रेसर, लोकप्रिय, राजकीय सूडापोटी गुन्हा". पण ४९८ अ ची केस राजकीय सूड कशी, हे विचारायला तुम्हाला तिथं वाक्य सापडतं.

शपथपत्रात काय येत नाही तेही धरून चाला. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातला साधा अर्ज, पोटगीचा वाद, गावात बैठक बसवून मिटवलेलं प्रकरण, यातलं बरंच काही गुन्ह्यांच्या तक्त्यात दिसणार नाही. पाटी कोरी म्हणजे माणूस साफ, असं समजू नका, एवढंच.

पायरी ४: विधिमंडळात तोंड उघडलं का

खरा रेकॉर्ड इथं आहे. मतदानाला व्हिप असतो, प्रश्न विचारायला नसतो. विधिमंडळाच्या वेबसाइटवर तारांकित प्रश्नांच्या (ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) याद्या, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या), कार्यवाही म्हणजे चर्चेची नोंद मिळते. वर्षाला तीन अधिवेशनं, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. पाच वर्षांचं सगळं वाचत बसू नका, प्रत्येक वर्षाचं एक अधिवेशन घ्या आणि सगळ्या उमेदवारांसाठी तीच अधिवेशनं घ्या. पीडीएफमध्ये मराठी सर्च लागला तर नशीब, नाहीतर डोळ्यानं बघावं लागतं, चहा घेऊन बसा.

तारांकित प्रश्नाच्या वर बऱ्याचदा आमदारांच्या नावांची रांग असते, एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी सह्या केल्या असं चालतं. तेव्हा नाव दिसलं म्हणून लगेच मार्क देऊ नका, चर्चेत उपप्रश्न कुणी विचारला ते कार्यवाहीत बघा. लक्षवेधी आणि अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने स्वतः मांडलेलं) याला जास्त वजन द्या, त्यात मेहनत लागते. "महिला व बालकांचे हक्क आणि कल्याण समिती" नावाची विधिमंडळाची समिती आहे, तिच्यावर तो किंवा ती होती का तेही बघा.

प्रश्नाचा दर्जाही बघा. "अमुक गावात महिलेवर अत्याचार झाला हे खरे आहे काय" असा प्रश्न विरोधी पक्षात असताना सगळेच विचारतात, आणि तेच लोक सत्तेत गेल्यावर गप्प होतात. म्हणून एकाच माणसाची सत्तेतली आणि विरोधातली वर्षं वेगळी काढा, गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात एवढी इकडून तिकडं झालीय की जवळपास प्रत्येकाची दोन्ही वर्षं मिळतील. राज्य महिला आयोगाचं अध्यक्षपद फेब्रुवारी २०२० पासून ऑक्टोबर २०२१ पर्यंत रिकामं होतं. तेव्हा विरोधकांनी आवाज केला, ते त्यांचं कामच होतं, पण सत्तेतल्या किती आमदारांनी स्वतःच्या सरकारला विचारलं? असा एखादा आमदार सापडला तर त्याला लाल पेनाने गोल करा.

मंत्री असेल तर त्याच्या नावावर प्रश्न नसणारच, मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. त्याच्या खात्याचे शासन निर्णय बघा. खासदारांसाठी हे काम सोपं आहे, पीआरएस संस्थेच्या साइटवर हजेरी, प्रश्न, चर्चा सगळं तयार मिळतं, आणि मुंबईच्या आमदारांसाठी प्रजा फाउंडेशनची प्रगतिपुस्तकं आहेत. पण आकडा बघून थांबू नका, ३०० प्रश्नांत बायकांच्या कामाचे किती ते उघडून बघा.

पायरी ५: नवा उमेदवार आहे, रेकॉर्डच नाही, मग?

महाराष्ट्रात अगदी कोरा उमेदवार क्वचितच असतो. कुणी नगरसेवक, कुणी झेडपी सदस्य, आणि नाहीतर शिक्षणसंस्था, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना यातलं काहीतरी घरात असतंच. तिथं जा.

दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. उमेदवाराच्या कॉलेजात ती आहे का, बोर्डावर नावं लावलीत का, बाहेरची सदस्य खरंच बाहेरची आहे का संस्थेच्याच सचिवाची वहिनी, हे कॉलेजातल्या कुठल्याही मुलीला विचारून पाच मिनिटांत कळतं. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, त्या दोघी कोण आहेत ते बघा. चेअरमनची सून आणि व्हाइस चेअरमनची बायको असेल तर समजलं.

सरपंच राहिला असेल तर आणखी छान. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद, आणि सरकारने लगेच शासन निर्णय काढून बाकी गावांना तसं करायला सांगितलं. तुमच्या उमेदवाराच्या गावात ठराव झाला का? आणि त्याच्या स्वतःच्या भावकीत पुढचं मयत झालं तेव्हा काय झालं?

पायरी ६: बोललेलं

फार लांबवत नाही. उमेदवाराचं नाव आणि "महिला", "विनयभंग", "कपडे", "आंतरजातीय" असे शब्द टाकून बातम्या आणि यूट्यूब शोधा. दहा सेकंदांची क्लिप आली तर पूर्ण भाषण काढा, मागचं-पुढचं दोन मिनिटं ऐका. विरोधी महिला उमेदवाराबद्दल तो काय शब्द वापरतो हे मला सगळ्यात खात्रीचं वाटतं, कारण तिथं लिहून दिलेलं भाषण नसतं. आणि चूक झाल्यावर माफी कशी मागितली, "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" अशी, का सरळ.

पायरी ७: योजनेचं श्रेय

लाडकी बहीण. जून २०२४ च्या बजेटमध्ये जाहीर झाली, २१ ते ६५ वयोगट, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिना १५००. निवडणुकीत महायुतीने २१०० आणि महाविकास आघाडीने ३००० सांगितले. बाईच्या खात्यात स्वतःचे पैसे येणं ही साधी गोष्ट नाही, त्याला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण ती सरकारची योजना, बॅनरवर फोटो लावणाऱ्या आमदाराचा वैयक्तिक रेकॉर्ड नव्हे. त्याचा रेकॉर्ड पुढचा: छाननीत नावं कमी झाली, ई-केवायसी आली, आधार लिंकवरून बायका बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा त्याच्या ऑफिसने मदत केली का, आणि २१०० चं काय झालं हे त्याने सभागृहात विचारलं का.

बाई उभी असेल तर

तिलाही हाच सगळा तपास, सूट नाही आणि जादा प्रश्नही नाहीत. लग्न, पदर, हसणं हे तपासात नाही. २०२४ ला २८८ मध्ये २१ महिला निवडून आल्या, म्हणजे मुळात संख्या कमी, त्यात कुणाची लेक, कुणाची सून म्हणून तिकीट मिळालं तर लगेच बाहुली म्हणायची घाई करू नका. प्रचारसभेत प्रश्न तिला विचारला तर उत्तर ती देते का माइक नवरा ओढून घेतो, एवढं बघा. ओढून घेत असेल तर पाच वर्षं कोण चालवणार ते स्पष्ट आहे.

आता तक्ता

डाव्या बाजूला पायरी १ चे प्रश्न, वर उमेदवारांची नावं. प्रत्येक चौकटीत एकच ओळ आणि ती कुठून मिळाली ते: "लक्षवेधी, हिवाळी अधिवेशन", "आरटीआय उत्तर, यादीतलं १४ नंबरचं काम". काहीच सापडलं नाही तर चौकट रिकामी सोडा, "चांगला असेल बहुतेक" असं भरू नका. मार्क देऊन बेरीज करू नका असं माझं म्हणणं, कारण मग विनयभंगाच्या केसचे वजा दोन आणि चार अंगणवाड्यांचे अधिक चार अशी तडजोड होते, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींत वजा होत नाहीत. कुठल्या एका गोष्टीवर नाव कापायचंच हे आधी ठरवा, बाकीच्यांत तुलना करा.

तक्ता ग्रुपवर टाकणार असाल तर सोबत मूळ कागदाचा फोटो जोडा आणि विशेषणं काढून टाका. निवडणुकीत उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं पसरवणं गुन्हा आहे, आणि मोठ्या माणसांना नोटीस पाठवायला वेळ लागत नाही.

रिकाम्या चौकटी भरायच्या तर थेट विचारा. कोपरा सभेत, घरोघरी फेरीत, एकटी नको, चौघी-पाच जणी. "दादा, महिलांसाठी काय करणार" विचारलं तर वीस मिनिटांचं भाषण मिळेल. त्याऐवजी असं: "दादा, आपल्या तालुक्याला संरक्षण अधिकारी कोण आहेत, त्यांचं ऑफिस कुठं बसतं?" नाव सांगता आलं नाही तर चालेल, पण "हे कोण असतात" म्हणाला तर चौकटीत तेच जसंच्या तसं लिहा. दुसरा प्रश्न: "तुमच्या पक्षात कार्यकर्तीला कुणी त्रास दिला तर तक्रार कुठं करायची?" पक्षाला अंतर्गत समितीची सक्ती नाही असं केरळ हायकोर्टाने २०२२ मध्ये म्हटलं होतं, त्यामुळं कायद्याने नाही म्हणून सुटतील, पण स्वतःहून केलीय का ते विचारायला कुणाची बंदी नाही.

आणि सगळ्यांचीच नावं कापली गेली तर? नोटा आहे, २०१३ पासून. फक्त हे माहीत असू द्या की विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा पहिला उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाप्रमाणं नोटा पहिली आली तर तिथं फेरनिवडणूक घ्यायची. म्हणून आमदारकीला नोटा दाबायचं का, आणि वॉर्डाला दाबायचं का, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.